खूनवाले शेठ

नंदुरबारच्या बाजारात तेव्हा कापडवाले शेठ होते, किराणावाले शेठ होते, मिरचीवाले शेठ तर गल्लीगणिक होते, आणि एक होते खूनवाले शेठ. बाहेरगावचा माणूस हे नाव ऐकून दचकायचा, आणि समोर आलेली मूर्ती पाहून आणखी दचकायचा. पांढराशुभ्र लेंगा, वर बंद गळ्याचा कुडता, आणि मान कायम खाली. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. कांदा-लसूण वर्ज्य, बटाटा वर्ज्य, पाणी उकळून गार केलेलं, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. टेबलावर डास बसला तर हाताने वारा घालून म्हणायचे, ‘‘जा बाबा, दुसरीकडे बस.’’ आणि हाच माणूस जवळजवळ चाळीस वर्षं खून, दरोडे, चोऱ्यामाऱ्या आणि विहिरीत सापडलेल्या प्रेतांच्या बातम्या लिहीत होता. आता बोला!

घराणं मारवाडातून आलेलं, जैन, तीन पिढ्यांपासून कापडाचं दुकान. तरुणपणी यांना गादीवर बसवलं होतं. पण गिऱ्हाईक लुगडं बघायला आलं की हे विचारणार, ‘‘तुमच्या गावात काल मारामारी झाली म्हणे, कशावरून?’’ भाऊ वैतागला आणि म्हणाला, ‘‘तू बाहेरच बरा.’’ तसे ते बाहेर पडले ते कायमचेच. नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं तेव्हा ते धुळ्याच्या एका पेपरचे वार्ताहर होते. बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं, फोटोचा रोलही त्यातच. एकदा एका खुनाचं पाकीट भलत्याच गाडीत बसून शिरपूरला गेलं. शेठजी सांगायचे, ‘‘तो बिचारा माणूस आमच्या पेपरात दोन दिवस उशिरा मेला.’’

जिल्हा वेगळा झाला आणि नंदुरबारातच एक दैनिक निघालं. त्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. धानोऱ्याहून रोज एसटीने यायचे. पहिल्याच आठवड्यात कळलं की या ऑफिसात घड्याळ नाही, शेठजींचा डबा चालतो. त्यांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असायचं, म्हणून सगळ्या पेपरात क्राइमचं पान आधी लागायचं. दिवस कलल्यावर खून झाला तर तो उद्याचा. मालक म्हणजेच संपादक. ते डोक्याला हात लावायचे. शेठजी शांतपणे म्हणायचे, ‘‘मेलेल्याला घाई नसते साहेब. आणि जिवंत आहेत त्यांच्या घरी मला विचारायला जायचं असतं.’’

हे विचारायला जाणं ही त्यांची पद्धत. पोलीस ठाण्यात नाव कळलं, की ज्याचं नाव त्याच्या घरी जायचं. आई-बाप काय म्हणतात ते ऐकायचं आणि बातमीच्या शेवटी ती एक ओळ टाकायचीच. बाकीचे वार्ताहर फोनवरून बातमी घ्यायचे आणि ‘परिसरात एकच खळबळ उडाली’ म्हणून मोकळे व्हायचे. मी एकदा शेठजींच्या बातमीत माझ्याच डोक्याने ती ओळ घातली, शोभेला. त्यांनी प्रूफवर रेघ मारली. ‘‘बेटा, मी तिथे उभा होतो. लोक चहा पीत होते. कसली खळबळ?’’ ‘नराधम’ नाही, ‘सराईत’ नाही, अंगावर वार किती तेही नाही. सिव्हिलमध्ये पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर उभे राहिले तरी त्यांना चक्कर यायची. शिपाई मुद्दाम दार उघडं ठेवायचा, मेला!

तुम्हाला वाटेल अशा मिळमिळीत बातम्या कोण वाचत असेल? अहो, सगळे तेच पान आधी वाचायचे. पहिल्या पानावर मंत्री ओरडत असायचा आणि पानटपरीवर लोक तो उलटून तिसरं पान काढायचे. शेठजींनी लिहिलं म्हणजे झालं, मग त्यावर वाद नाही. सोयरीक जुळवणारे तर थेट ऑफिसात येऊन हळूच विचारायचे, ‘‘शेठजी, ह्या घराचं कधी काही छापून आलं का?’’ शेठजी हात जोडून त्यांना जिना दाखवायचे. पण लोक विचारतात याचा त्यांना धाक बसला होता. मला म्हणाले होते, ‘‘न्यायाधीश निकाल देतो तो कपाटात जातो. आपण लिहितो ते सोयऱ्याच्या घरी जातं.’’

एकदा मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली होती. आठवडे बाजाराच्या दिवशी एका गावात चार परक्या बायकांना लोकांनी शाळेत कोंडून ठेवलं. मालकांनी मथळा तयार ठेवला : ‘मुले पळविणारी टोळी जेरबंद?’ शेठजींनी तो वाचला आणि खुर्चीतून उठलेच. ‘‘हे शेवटचं प्रश्नचिन्ह कशाला, साहेब? दगड मारायचा आणि हात पाठीमागे लपवायचा?’’ भर उन्हात ते त्या गावी गेले. बायकांची गाठोडी लोकांसमोर उघडून घेतली. सुया, पोत, बिब्बे, फण्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या चौघींची नावं, गाव आणि गाठोड्यात काय काय होतं ते सगळं आलं. जवळच्याच दुसऱ्या गावात तशीच एक बाई अडवली होती, तिला लोकांनी पेपर वाचून चहा पाजून सोडलं. असा वचक होता त्या पानाचा. आता बातमी खिशातल्या खिशात वाजते, आणि कोणी गाठोडं उघडायला जात नाही.

पण शेठजींची खरी तऱ्हा वेगळीच. पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी. त्यानंतर जैन लोक एकमेकांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, म्हणजे वर्षभरात मी तुम्हाला काही दुखावलं असेल तर त्याची क्षमा असावी. सगळे आपापल्या नातेवाइकांकडे, व्यापाऱ्यांकडे जातात. शेठजी पेपरची वर्षाची फाइल काढायचे, ज्यांची ज्यांची नावं छापली त्यांची यादी करायचे, आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. चोर, सुरे चालवणारे, दारूभट्टीवाले! ऐन गणपतीचे दिवस, गल्लीत ढोल चाललेले, आणि हे मान खाली घालून घरोघर. बस स्टँडवरचा एक पाकीटमार तर घाबरून कँटीनच्या मागे लपला. शेवटी सापडला तेव्हा म्हणाला, ‘‘माफी ऱ्हाऊ द्या शेठजी, पुढली येळले मन्हा फोटो टाका, फोटो!’’

मी एकदा विचारलं, ‘‘शेठजी, बातमी खरी असते ना? मग माफी कशाची?’’

‘‘बातमी खरीच असते बेटा. पण ती वाचून त्याच्या आईला किती लागलं, ते मला ठाऊक नसतं. माफी त्याची.’’

मी हसले होते. म्हटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. पुढे वर्षही झालं नाही आणि त्या यादीत आमचं घर आलं.

माझा भाऊ योगेश नंदुरबारला एका व्यापाऱ्याच्या मिरचीच्या पथारीवर मुकादम होता. पथारी म्हणजे मोकळं मैदान, त्यावर लाल मिरची वाळत पसरलेली असते. वडील आमचे लवकर गेले. घरात माय, मी आणि योगेश. त्याचं कळसाडीच्या मुलीशी जमलं होतं, साखरपुडा झाला होता, माय गव्हाच्या शेवया करायला लागली होती. अशात त्या व्यापाऱ्याच्या गोदामातून मिरचीची पोती गेली आणि चोरट्यांनी रखवालदाराचं डोकं फोडलं. किल्ली योगेशकडे असायची. पोलिसांनी त्याला घरातून नेलं.

मी ऑफिसातच होते. मालक केबिनमधून म्हणाले, ‘‘शेठजी, आपल्या सुनंदाचा भाऊ आहे. नाव गाळा. ‘धानोऱ्याचा एक युवक’ एवढंच लिहा.’’ माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शेठजींचा आवाज आला, ‘‘गेल्या आठवड्यात त्या हमालाच्या पोराचं नाव छापलं साहेब. त्याची बहीण आपल्याकडे कामाला नव्हती, हाच त्याचा गुन्हा?’’

मग ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. ‘‘बेटा, हे मी दुसऱ्याकडून टाइप करून घेतो.’’ मी तो कागद त्यांच्या हातातून ओढला. माझ्या भावाचं नाव मी माझ्या बोटांनी टाइप केलं, आणि एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. ‘मिरची चोरीप्रकरणी धानोऱ्याचा युवक अटकेत.’ पान तीन, सगळ्यात वर, तीन कॉलम. आत ‘संशयित’ हा शब्द होता हो, नाही कोण म्हणतं? पण संशयित वाचतं कोण? लोक ‘अटकेत’ वाचतात आणि नाव वाचतात.

चौथ्या दिवशी कळसाडीहून साखरपुड्याची साडी परत आली. घडीत पेपरचं ते कात्रण ठेवलेलं होतं. दुसरं काही बोलणं नाही, निरोप नाही. मायने साडी उचलून ट्रंकेत टाकली आणि शेवयांचं पीठ शेजारणीला देऊन टाकलं. योगेश जामिनावर सुटून आला आणि त्याने माणसांत जाणं सोडलं. नंदुरबारला जायचं नाव काढलं की म्हणायचा, ‘‘लोके मन्हाकडे नही, त्या पेपरकडे दखतस.’’

मी नोकरी सोडली नाही, सोडून चालण्यासारखं नव्हतं. पण शेठजींशी बोलणं सोडलं. ते कॉपी आणून ठेवायचे, मी टाइप करायचे. राग म्हणजे किती! त्यांचा डबा उघडलेला दिसला तरी मला वाटायचं, घ्या, खा, आमच्या घरची चूल विझवून तुम्ही वेळेवर जेवा.

त्या भाद्रपदात ते धानोऱ्याला आले. एसटीतून उतरले आणि मान खाली घालून आमच्या ओट्यापाशी उभे राहिले. योगेश मागच्या दाराने शेतात निघून गेला. मी आत उभी. मायने पाणी उकळून, गार करून तांब्या पुढे केला, कारण मी कधीतरी तिला त्यांचं पाण्याचं सांगितलं होतं. शेठजींनी हात जोडले तशी ती म्हणाली, ‘‘पानी प्या शेठजी. घर इना त्याले पानी देवानी रीत शे. पन माफी मांगू नका.’’

‘‘का माय?’’

‘‘मन्हा पोऱ्यानं नाव तुम्हीन हजार लोकस्मा छापं. आनि माफी आठे मन्हा ओटावर, कोनी नही तठे मांगी ऱ्हायनात. तो सुटना का मंग तेच जागावर, तेवढंच मोठं छापा. मंग या, मी माफ करसू.’’

चार बुकं न शिकलेली माझी माय! शेठजींनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘तुमनी गोट बरोबर शे.’’ आणि निघून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी पाणी प्यायचे, दर वर्षी माय मान हलवून नाही म्हणायची. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला शेठजी मागच्या बाकावर बसलेले असायचे, हे योगेशच मला सांगायचा.

सातव्या वर्षी रखवालदाराने कोर्टात सरळ सांगितलं की मला मारणाऱ्यांत हा पोरगा नव्हता. पोत्यांचा माग कधी लागलाच नव्हता. योगेश निर्दोष सुटला. मी ऑफिसात आले तेव्हा शेठजींनी बातमी लिहून ठेवली होती. मालकांनी ती वाचली आणि म्हणाले, ‘‘आत कुठेतरी तीन ओळी घ्या. सुटल्याची बातमी कोण वाचतं, शेठजी? तिसऱ्या पानावर वर जाहिरात लागलीय.’’

सूर्य मावळायच्या आत डबा उघडायची वेळ झाली, तर शेठजींचा डबा तसाच बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसा नुसतं उकळलेलं पाणी, आणि कामाला मात्र हजर. मालक बाहेर आले. ‘‘हे उपोषण आहे का?’’

‘‘छे छे, उपोषण दुसऱ्याने काही द्यावं म्हणून करतात. माझ्याकडून चूक झालीय, हे तिचं प्रायश्चित्त.’’

मग सात वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे वळून ते बोलले. ‘‘बेटा, सगळ्यांच्या घरी जायचो मी, नाव छापायच्या आधी. तुझ्या घरी गेलो नाही. ऑफिसातल्या पोरीची बाजू घेतली असं कोणी म्हणेल म्हणून. धानोऱ्याला गेलो असतो तर शेजाऱ्यांनी सांगितलं असतं की पोरगा त्या वेळी घरी होता, आणि ती ओळ बातमीत आली असती. मी माझं नाव राखलं आणि तुझ्या भावाचं घालवलं.’’

सात वर्षं मी या माणसाला कठोर समजत होते. तो घाबरला होता, एवढंच. मला तिथेच रडू आलं, आणि मशीनवर बसलेली दोन पोरं बघतायत याचीही लाज वाटली नाही.

आता पुढची गंमत ऐका. सत्तरी ओलांडलेला माणूस बिगरमोसमाचे उपवास करतोय ही बातमी त्यांच्या भावजयीने स्थानकात, म्हणजे जैनांच्या धर्मस्थानात, सांगितली. जैनांत तपस्या करणाऱ्याची ‘साता’ विचारायला जायची रीत आहे, म्हणजे तब्येत बरी आहे ना, मन शांत आहे ना, एवढं विचारायचं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ऑफिसच्या जिन्यावर रांग लागली. कापडवाले शेठ, भांडीवाले शेठ, सराफ, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या सासवा. म्हणजे आमच्या पेपरला जाहिराती देणारा अख्खा बाजार! जो तो विचारणार, ‘‘साता है ना, भाईसा? तपस्या कशाची?’’ आणि शेठजी खरं तेच सांगणार, ‘‘एक बातमी अर्धीच छापली आहे. अटक छापली, सुटका राहिली.’’ मग सगळ्या माना मालकांच्या केबिनकडे वळायच्या. ज्याची जाहिरात वर लागली होती त्या दुकानाचे शेठ स्वतः आत गेले आणि म्हणाले, ‘‘माझी जाहिरात खाली घ्या हो, काय बिघडतं?’’

मालकांनी हात टेकले. ‘‘लावा, शेठजी, पाहिजे तिथे लावा. पण उद्या सकाळी जेवा.’’

पान मीच लावलं. शेठजींनी जुना अंक शेजारी ठेवला आणि पट्टीने मोजून घेतलं. पान तीन, सगळ्यात वर, तीन कॉलम, तोच टाइप. ‘मिरची चोरीप्रकरणी धानोऱ्याचा युवक निर्दोष.’ एकच नाव मी आयुष्यात दोनदा टाइप केलं. लोकांचं म्हणाल तर लोक ते लोकच. धानोऱ्यात दोघं-तिघं म्हणाले, ‘‘अरे, तो आजूनबी सुटेल नव्हता का?’’ कळसाडीच्या मुलीला तोवर दोन लेकरं झाली होती. पण योगेश ते कात्रण खिशात घालून कित्येक वर्षांनी कोर्टाच्या तारखेशिवाय नंदुरबारला गेला, मिरची बाजारातून एकदा सरळ चालत गेला आणि चहा पिऊन परत आला. त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला. पुढे त्याचं लग्नही झालं, उशिरा का होईना.

माय भाद्रपदाची वाट बघत होती. पण त्या श्रावणातच शेठजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी मायला सांगितलं की या वर्षी ते येणार नाहीत. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘‘तो नही ई शकस ते आपन जाऊत.’’

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुपारच्या एसटीने गेलो. कापडाच्या दुकानावरच त्यांचं घर. शेठजी खाटेवर उशीला टेकून बसवलेले होते, एवढेसे झालेले. आम्हाला पाहिलं आणि त्यांचे ओठ हलू लागले, पण शब्द काही येईना. कपाळावर घाम आला. वर्षानुवर्षं शेकडो दारांत म्हटलेले दोन शब्द, आणि आज स्वतःच्या घरात नेमके आमच्यासमोर ते फुटत नव्हते.

योगेश खाली बसला आणि त्याने त्यांच्या पायांना हात लावला. म्हणाला, ‘‘शेठजी, मन्हा मनमा काहीच नही शे.’’

माय पुढे झाली. ‘‘तुम्ही सात वरीस मन्हा दारवर उनात. मी सात वरीस तुमले रिकामं धाडं. आज मी उनू. माफी तुम्हीच करा.’’

शेठजींनी जोरजोराने मान हलवली. त्यांना हात जोडायचे होते. डावा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच थांबला, उजवा चादरीवर तसाच पडून राहिला. ते त्या पडलेल्या हाताकडे बघत राहिले, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मायने क्षणभर पाहिलं, आणि मग आपला उजवा हात पुढे करून त्यांच्या डाव्या हाताला नीट जुळवून धरला.